आवाज पिणाऱ्या भिंती

संपादकांनी निरोप पाठवला, की धंद्यातल्या आठवणी लिहा, पण गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नका. आता माझ्या धंद्यातल्या निम्म्या आठवणी मधुकर गावंडेच्या आहेत आणि तो गेला. वाईट तर लिहिणार नाहीच. पण त्याच्याबद्दल चांगलं लिहिताना माझा हात आजही जड होतो, तेवढं वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी आर्किटेक्ट. आम्ही यवतमाळात पाटी लावली तेव्हा हा शब्द लोकांच्या तोंडात बसत नव्हता. "म्हंजे ठेकेदारच ना?" असं विचारायचे. ठेकेदार बांधतो, मी कागदावर काढतो, असं सांगितलं की समोरचा विचारात पडायचा. "म्हंजे तुमी बांधत नाई?" नाही. "मंग कायले पायजे तुमी?" या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मधूला मात्र हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याच्या ओसरीवर लोक आपसूक येऊन बसत.

मधू ढाणकीचा, घरी कापसाची शेती. आमचा बंजाऱ्यांचा तांडा ढाणकीच्याच बाहेर. आजोबांच्या काळापर्यंत आमचे लोक बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख फिरत होते, मग तिथेच शेतीला लागले. मधू आणि मी एका शाळेत, पुढे मुंबईला एका कॉलेजात, एकाच खोलीत. परत आलो तर यवतमाळात एकाच रस्त्यावर समोरासमोर पाट्या लावल्या. त्याच्या पाटीवरची अक्षरं माझ्याहून मोठी होती. रंगाऱ्याची चूक, असं तो म्हणायचा.

शाळेत असताना तो दुपारी आमच्या झोपडीत जेवायला यायचा. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. तोही माझ्या आईला याडीच म्हणायचा आणि आमची गोर बोली माझ्यासारखी बोलायचा. तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात पडायची. "पाहुणा हाय तो," याडी सांगायची. रोज येणारा पाहुणा कसा, हे मला तेव्हाही कळलं नाही.

यवतमाळात बस्तान बसल्यावर मी घर बांधलं. पक्कं. वर सिमेंटचा स्लॅब, खाली घासलेली शहाबादी फरशी, भिंतींना गुळगुळीत गिलावा. मोठ्या हौसेनं याडीला तांड्यावरून आणलं. आणि तिला ऐकू येईनासं झालं. मी बैठकीत काही बोललो की, "काय?" दुसऱ्यांदा बोललो की, "मोठ्यानं बोल ना." घरात आम्ही सगळे ओरडून बोलायला लागलो. वय झालं, कान गेले, असं मी धरून चाललो. पण सणावाराला तांड्यावर गेली की ती शेजारणीशी तासन्‌तास गप्पा मारायची आणि तिथे कोणी ओरडत नसे. हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

छप्पन साली आमचा विदर्भ मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि मुंबई-पुण्याच्या माणसांची जा-ये वाढली. त्याच्या मागेपुढेच यवतमाळात एक वर्ग भरला. इमारतीतला आवाज असा विषय. शिकून बाहेर पडलेल्या आर्किटेक्टांना, इंजिनिअरांना, ओव्हरसियरांना पुन्हा बाकावर बसवायचं, अशी ही कल्पना. पुण्याचे आठल्ये सर शिकवायला आले. एका शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग असायचा आणि आम्ही बाप्ये पोरांच्या बाकांत गुडघे दुमडून बसायचो. वणीकडचे एक ओव्हरसियर राजूरच्या कोळसा खाणीजवळ राहायचे. ते म्हणाले, मला आवाजाचं सांगू नका, सुरुंग उडाला तरी माझी झोप मोडत नाही. सर हसले आणि त्यांना पहिल्या बाकावर घेतलं.

सरांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं ते लोक अजून गोंधळात घालतात, म्हणून इथे लिहितो. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम, आणि आतला आवाज आत नीट वागवणं हे दुसरं. पहिल्या कामाला वजन लागतं. जाड भिंत, जड दार, आणि फट कुठेही नको, कारण पाण्यासारखा आवाजही फट शोधत येतो. दुसऱ्या कामाला मऊपणा लागतो. आपण बोललेला शब्द कडक भिंतीवर आपटून परत येतो, पुढच्या शब्दावर चढतो आणि सगळा कालवा होतो. शब्द असतो, पण कळत नाही. ज्याचे कान थोडे गेलेत त्याला तर मुळीच कळत नाही.

हे ऐकताना मला माझी बैठक दिसली. फरशी, गिलावा, स्लॅब. तांड्यावरच्या झोपडीला शेणामातीच्या भिंती होत्या, वर गवत होतं, दोरीवर गोधड्या होत्या. याडीचे कान जेवढे वयानं नेले त्याहून जास्त माझ्या घरानं नेले होते. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट करायची होती. याडीला न ओरडता ऐकू जाईल अशी एक जागा आपल्या हातानं बांधायची.

घरीच सुरुवात केली. तिनंच आरसे-कवड्या लावून भरलेलं एक जाड पांघरूण बैठकीच्या भिंतीला ठोकलं. संध्याकाळी ते भिंतीवर नव्हतं. "पांघराची वस्तू भिताडाले कायले?" ती म्हणाली. "भिताडाले थंडी वाजून राह्यली का?" मग मी तिला सांगितलं, याडी, मी एक मोठा हॉल बांधीन, तुला शेवटच्या रांगेत बसवीन आणि तुला सगळं ऐकू येईल. तिनं "काय?" म्हटलं. मी ओरडून पुन्हा सांगितलं. "बांध," म्हणाली.

वर्गात मी जीव ओतला. गणितं पाठ केली. एके दिवशी सरांनी विचारलं, भरलेल्या सभागृहात आवाज कमी का घुमतो? मला सूत्र येत होतं. हात अर्धा वर गेला होता. तेवढ्यात मागून मधू म्हणाला, "सर, रिकाम्या घरात बोललं तं घुमते. लग्नघरात नाई घुमत. माणसं आवाज पेतात." वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते फळ्याकडे वळले आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: माणसं आवाज पितात. पुढे वर्ग संपेपर्यंत ते शोषण हा शब्द सोडून पिणं हाच शब्द वापरत राहिले. माझा हात मी हळूच खाली घेतला आणि डोकं खाजवल्यासारखं केलं. माझं सूत्र त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. आवाजाचा रस्ता दुहेरी असतो. रंगमंचावरचं शेवटच्या रांगेत स्वच्छ ऐकू येत असेल, तर शेवटच्या रांगेतलं रंगमंचावरही ऐकू जातं. हे मी वहीत लिहून घेतलं आणि विसरलो.

वर्गानंतर मला पहिलं काम मिळालं राळेगावचं. तिथल्या एका जिनवाल्या शेठना ऑफिसात मशीनचा आवाज नको होता. कापसातली सरकी काढणारे रेचे हंगामात दिवसभर धडधडत असतात, ऑफिस त्याला चिकटून. मी जाड भिंत घातली, जड दुहेरी दार बसवलं, चौकटीला नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरीच्या, पट्ट्या लावून फटी बुजवल्या. दार लावलं की आत शांत. शेठनी हात जोडले. मी यवतमाळात येऊन मधूला ऐकवलं. पुढच्या खेपेला गेलो तर ते दार सताड उघडं आणि त्याला दगड लावलेला.

"शेठ, दार उघडं काहून?"

"अरे साहेब, दार लावलं तं रेचा चालू हाय का बंद, मले कसं समजन? माणसं आराम करून राह्यले आन मी अंदर हिशेब करून राह्यलो! आवाज आला की जिवाले बरं वाटते."

ही गोष्ट मधूला कळली, ती मी सांगितली म्हणून नव्हे. तो म्हणाला, "धनू, त्यायले इचारलं काहून नाई, का कोणता आवाज नको अन् कोणता पायजे?" आता हा प्रश्न वर्गात कुठे शिकवला होता?

दुसरं काम ढाणकीच्या शाळेचं, म्हणजे माझ्याच मातीतलं. मोठ्या खोलीत पोरांना मास्तरांचं बोलणं कळत नव्हतं. सरांच्या छापील टिपणात उपाय होता: मागच्या भिंतीला लाकडी चौकटी ठोकून त्यात कापूस भरा, वरून गोणपाट ताणा. मी नकाशावर शब्दाला शब्द उतरवला. कापूस भरणे.

पुण्यात कापूस म्हणजे उशीत असतो तो. आमच्याकडे कापूस म्हणजे शेतातून वेचून आणलेला, सरकीसकट. जिनात सरकी काढली की उरते ती रुई. हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. मी तर बापाच्या पाठीमागे कापूस वेचत मोठा झालो. पण वर्गातून आलेल्या माणसाची अक्कल वेगळी असते. सरांनी कापूस लिहिलं, मी कापूस लिहिलं. आणि ठेकेदारानं कोणाच्या तरी शेतातून बैलबंडीभर वेचलेला कापूस आणून इमानदारीनं भिंतीत भरला.

थोडे दिवस सगळं उत्तम चाललं. मग हेडमास्तर यवतमाळला आले.

"आडे साहेब, खोली झ्याक झाली. पोट्टे चूप झाले. पन आता भिताडं बोलून राह्यली."

सरकीच्या वासानं गावातले उंदीर भिंतीत राहायला आले होते. मास्तर थांबले की भिंतीतून कुरतडण्याचा आवाज यायचा. ठेकेदाराला बोलावलं. तो नकाशा घेऊनच आला. "साहेब, कापूस लिवला हाय."

"अरे, पण सरकी काढायची ना!"

"मंग रुई लिवाची ना, बाप्पा. मी काय कमी जास्त करू तुमच्या नकाशात?"

चौकटी काढून जाळाव्या लागल्या. मधू ढाणकीला गेला होता, त्यानं ते पाहिलं. परत आल्यावर माझ्या ऑफिसात येऊन इतका हसला की खुर्चीत बसवेना. मग डोळे पुसत म्हणाला, "पन धनू, कल्पना चांगली हाय लेका. यवतमाळात रुईले काय तोटा?" मला वाटलं तो सांत्वन करतोय.

साठ सालानंतर यवतमाळातल्या कापसाच्या व्यापाऱ्यांनी आणि नाटकवेड्या मंडळींनी मिळून सभागृह बांधायचं ठरवलं. मला हवं होतं तेच हे काम. मी कितीतरी दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही. कोणत्या भिंतीनं किती आवाज प्यायचा, रंगमंचावरचं छत कुठे तिरकं करून आवाज मागे ढकलायचा, सगळं गणितानं काढलं. माझा नकाशा मधूच्या नकाशापेक्षा बरोबर होता. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, आजही सांगतो.

समितीपुढे आधी मी बोललो. मंडळींनी माना डोलावल्या. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आडे साहेब, समदं बराबर हाय. पन उंदरं तं नाई ना येनार?" सगळी खोली हसली. ढाणकीहून यवतमाळपर्यंत उंदीर माझ्या आधी पोचले होते.

मग मधू. त्यानं नकाशा गुंडाळलेलाच ठेवला आणि विचारलं, "तुमाले तेथं आयकाचं काय हाय? भाषण का गानं? दोन्हीचं घर येगळं असते." अर्धा तास ती माणसं आपसात भांडली, नाटक मोठं की भजन यावरून, आणि मधू ऐकत बसला. भांडण संपलं तेव्हा काम त्याचं झालं होतं.

मला राग आला नाही, मला पोटात दुखलं. राग उतरतो. हे दुखणं जेवताना, झोपताना, समोरच्या ओसरीवर विटांचे नमुने येऊन पडताना चालूच राहिलं. सभागृहाच्या कामावर मी पाऊल ठेवलं नाही, पण तिथे काय चाललंय ते मला रोज माहीत असे. मागच्या भिंतीला चौकटी बसल्या, त्यात रुई भरली, वर गोणपाट ताणलं. रुई! शेठ लोकांनी स्वतःच्या जिनातून गाठीच्या गाठी पाठवल्या. माझी चूक त्यानं दुरुस्त करून भिंतीत बसवली होती आणि लोक त्याला मधूची युक्ती म्हणत होते. हॉल घुमला पाहिजे, एवढी एकच माझी इच्छा उरली होती.

उद्‌घाटनाचं बोलावणं द्यायला तो घरी आला. माझ्या बैठकीत याडीच्या कानाशी तोंड नेऊन त्यानं ओरडून सांगितलं. ती लगेच कोणता घागरा घालायचा ते ठरवायला लागली. मला तिला न्यावं लागलं.

सकाळचा कार्यक्रम होता. तांड्यावरचीही चार-सहा मंडळी मधूनं बोलावली होती. मी याडीला घेऊन मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो, कारण घुमारा पकडायचा तर तिथेच. टाळ्या वाजल्या की मी त्या संपताना कान देऊन ऐकायचो. टाळ्या संपायच्या आणि खरंच संपायच्या. मागे काही रेंगाळत नव्हतं. पण मायक्रोफोन चालू होता, तेव्हा मी निकाल राखून ठेवला.

मधू बोलायला उभा राहिला आणि लाईन गेली. मायक्रोफोन बंद, पंखे बंद. मी सरसावून बसलो. मधू मायक्रोफोन बाजूला सारून साध्या आवाजात, ओसरीवर बोलतो तसा, बोलायला लागला.

याडी पुढे झुकली होती. मी तिच्याकडे पाहिलं. मधूच्या बोलण्यावर ती योग्य जागी हसत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "समदं आयकू येऊन राह्यलं मले."

हे वाक्य मी माझ्यासाठी राखून ठेवलेलं होतं. ती जागा तीच होती, शेवटची रांग, आणि शब्दही तेच होते. मला राहवलं नाही. गोर बोलीत, म्हणजे आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून, मी तिला म्हणालो, "पंखे बंद पडले म्हणून ऐकू येतंय. मेल्याचं नशीबच तसं. लाईनसुद्धा याच्या सोयीनं जाते."

तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, ही घरची सवय. हॉल गप्प होता. आणि आवाजाचा रस्ता दुहेरी असतो, हे मी वर्गाच्या वहीत लिहिलेलं होतं.

रंगमंचावर मधू बोलता बोलता थांबला. शेवटच्या रांगेकडे पाहिलं, हात जोडले आणि आमच्याच बोलीत म्हणाला, "याडी, त्याला सांग, लाईन कोणाच्या बी सोयीनं जाऊ दे. भिंतीत रुई आहे, कापूस नाही."

तांड्यावरची मंडळी खो खो हसली. याडी तर ओढणी तोंडाला लावून हसत होती. बाकीचा हॉल गोंधळला. अध्यक्षांनी विचारलं, काय म्हणता गावंडे? मधू मराठीत म्हणाला, "माह्या मित्रानं तेथून अभिनंदन केलं. मी आभार मानले." त्यावर सगळा हॉल माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागला. मला उठून नमस्कार करावा लागला. त्या टाळ्याही अगदी वेळेवर संपल्या.

 घरी याडी बैठकीत बसली आणि माझ्या बायकोला सगळं सांगायला लागली. कोण आलं, काय बोललं, मधू कसा उभा राहिला. बायकोनं हातवारे करून विचारलं, तुम्हाला ऐकू आलं का? "ना येवाले काय झालं?" याडी म्हणाली. "मधूचा आवाज कसा खनखनीत! याचा लहानपनापासूनच तोंडातल्या तोंडात. याचं कोनाले समजते?"

आता माझी पंचाईत पाहा. तिच्या हिशेबात हॉलचा संबंधच नव्हता. मधूचा आवाज चांगला आणि माझा वाईट, इतकंच. मी गप्प राहिलो असतो तर मधूला त्याच्या कामाचं श्रेय मिळालं नसतं, पण माझा आवाज जन्मभर तोंडातल्या तोंडात राहिला असता. आणि माझा आवाज बरा आहे हे पटवायचं, तर मधूच्या भिंती चांगल्या आहेत हे मलाच माझ्या तोंडानं म्हणावं लागत होतं.

 मग म्हणालो. ओरडून नाही, साध्या आवाजात, जसा तो बोलला होता तसा.

"याडी, आवाजाचं काही नाही गं. भिंती फार चांगल्या बांधल्या त्यानं."

बायको हातातलं काम सोडून माझ्याकडे बघायला लागली. तिला ऐकू गेलं होतं. माझा शब्द स्लॅबवर गेला, फरशीवर आला, बैठकभर फिरला. याडीनं कानामागे हात धरला.

"काय?"

"काही नाही!" मी ओरडलो.